कुणालाच काही सांगितलं नाही

हे आजवर मी कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. आत्महत्येवरची माझी एक कथा तुमच्या वाचनात आली असेल — तिच्यातला मित्र म्हणजे दिनू.

शाळेपासूनचा मित्र. घोलवडला त्याची चिकूची वाडी. मी तलासरीत मास्तर. तो गेला, आणि वर्षभरात मी त्याच्यावर कथा लिहून मोकळा झालो. फार जबाबदारीनं लिहिलीय, असं सगळे म्हणाले. होतीच की! कसं केलं ते लिहिलं नाही. मरणाला सजवलं नाही. कुणावर दोष ठेवला नाही. कोसबाडच्या कथालेखन शिबिरात मुलांना मी हेच शिकवतो. मुलं उतरवून घेतात.

कुणावर दोष ठेवू नये — किती सोयीचा नियम, नाही?

त्या कथेत एक वाक्य आहे. ‘त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही.’ लोकांना तेच सगळ्यात भिडलं.

दिनूच्या बायकोलाही. शैलावहिनी अजून मला चिकूची पेटी पाठवतात. यंदा वाडीवर गेलो, तर बशीत चिकू सोलून पुढे ठेवले आणि म्हणाल्या, “भावजी, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. यांनी कुणालाच सांगितलं नाही. पण मी तर घरातच होते ना? मला कसं कळलं नाही हो?”

मी काय केलं? चिकू खाल्ला. “गोड आहे,” म्हणालो.

आता ते सांगतो — जे टाळत इथवर आलो.

दिनूचा फोन आला होता. “मास्तर, ये ने एकदा वाडीवर. जगावंसंच वाटत नाही रे.” मी पेपर तपासत होतो. हसलो. म्हणालो, “बरंच आहे, मला एक गोष्ट तरी मिळेल!”

तोही हसला. “मग चांगली लिही हां,” म्हणाला.

मी गेलो नाही. उलटून फोनही केला नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

गेलो असतो, तर तो राहिला असता? — माहीत नाही. त्या ‘माहीत नाही’च्या आड मी बरीच वर्षं काढली. पण ते वाक्य तर मीच रचलं ना, पुरतं ठाऊक असून? कुणावर दोष ठेवला नाही म्हणता म्हणता तो वहिनींच्या पदरात टाकला, आणि वर त्यांच्या हातचे चिकू खाल्ले.

हे छापायला देण्याआधी घोलवडला जाऊन त्यांना तोंडानं सांगणार आहे. सजवणार नाही. एवढंच — वहिनी, दिनू बोलला होता. माझ्याशी.