घाटाअलीकडचं बाळंतपण

क्राइस्टचर्चच्या विमानतळावर जावई एकटाच दिसला आणि माझं पित्त खवळलं. लेक रसिका डोंगरापलीकडे ग्रेमाउथच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट. पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं, आणि हे महाशय तिला तिथं सोडून मला न्यायला हजर!

"आई, अजून दोन आठवडे आहेत," निखिल म्हणाला. या पोरांचा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर भारी विश्वास.

आपल्याकडे श्रावण, तिकडे ऐन हिवाळा. मेंढ्यांची कुरणं मागे पडली आणि बर्फाचे डोंगर अगदी जवळ आले. इतकं पांढरं मी जन्मात पाहिलं नव्हतं. घटकाभर रागही विसरले. मग धो धो पाऊस लागला. बरं झालं, म्हटलं, बर्फ धुऊन जाईल.

घाटातल्या गावात निखिलनं डेअरीपाशी (म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान) गाडी थांबवली.

"आई, आज पुढे नको. बर्फ हे पाणी शोषून जड होतो. पाणी तळाशी गेलं, की अख्खा थर सुटतो."

वाळत घातलेली गोधडी पावसात भिजली, की दोरीवरून अशीच घसरते. पण माझा जीव लेकीपाशी होता.

"रस्ता तर उघडा आहे! बायकोपेक्षा पावसाची काळजी जास्त?"

त्याचा चेहरा पडला. दुकानाची मालकीण माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी होती. "किआ ओरा (नमस्कार)!" म्हणत तिनं आम्हाला आत घेतलं, हातात गरम सूपचे वाडगे दिले. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून निखिलनं तिथला नंबर हॉस्पिटलात कळवून ठेवला.

दुपारी फोन आला. रसिकाला कळा सुरू झाल्या होत्या.

निखिलनं गाडीची किल्ली उचलली. दारापाशी जाऊन तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी नुसतं "चला" म्हटलं असतं, तर तो निघाला असता. त्याच्यामागे पाऊस कोसळत होता आणि पहिल्यांदाच मला त्या डोंगराची भीती वाटली.

"बसा," मी म्हणाले. "तिच्याजवळ डॉक्टर आहेत, सुईण आहे. तिला तुम्ही धडधाकट हवे आहात."

तो बसला. थोड्या वेळानं वरून गडगडाट झाला, खिडक्या थरथरल्या. "बर्फ रस्त्यावर आला," मालकीण हळूच म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. निखिलनं ऐकलं आणि रडतच रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडे माझी नात टाहो फोडत होती. मग मीही रडले, अगदी मनसोक्त.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला. दोन्ही कडांना गाडीपेक्षा उंच ढीग होते. चिखल, बर्फ आणि त्यात मुळासकट उपटलेली झाडं. आम्ही त्यांच्यामधून गेलो.

तीन महिन्यांनी पुण्याला परतले. बायका हसून विचारतात, "बाळंतपणाला एवढ्या लांब गेलात आणि नेमक्या वेळी लेकीजवळ नव्हतातच?"

"नव्हते," मी सांगते. "जावईही नव्हते. म्हणून तर नातीला बाप आहे."