नकाशावरचा तिचा ठिपका

आमच्या कंपनीच्या बसमध्ये चिखलीपासून चाकणपर्यंत एकच विषय चालतो, मोबाईलवर आलेली बातमी. कुठल्या बड्या कंपनीनं किती माणसं काढली, कुणाचा फोन महागला, कोण आपलं बोलणं चोरून ऐकतं.

"परवा घरात कुलरचं नुसतं नाव काढलं राव," मागच्या सीटवरचा वेल्डर सांगत होता, "सकाळपासून फोनवर कुलरच कुलर!"

"मग आता पगारवाढीचं नाव काढ भावा. बघू काय येतंय."

एरवी मी फारसा बोलत नाही, पण या कंपन्यांचा विषय निघाला की माझाच आवाज मोठा. माणसाच्या मागावर राहायचा हक्क यांना दिला कुणी, असं तावातावानं विचारायचो. आणि हे विचारताना माझा फोन मांडीवर पालथा असायचा, कारण त्यावर माझ्या मुलीचा ठिपका उघडा असायचा.

मुलगी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. नवा फोन घेतला तेव्हा "बाबा, जुन्यातलं सगळं यात घालून द्या" म्हणून तिनं तो माझ्याकडे दिला. घरात फोनची कामं माझ्याकडेच. तेव्हाच मी तिचं लोकेशन माझ्या फोनवर दिसेल असं करून ठेवलं. तिला न विचारता. उशिरा येते, काळजी वाटते, असं मनाला सांगितलं. खरं कारण त्या बातम्या होत्या. माणसं काढल्याचं वाचलं की लगेच नकाशा उघडायचो. मग ठिपका तिच्या ऑफिसच्या इमारतीवर दिसला की वाटायचं, चला, नोकरी शाबूत आहे.

एक दिवस तो हिंजवडीला गेलाच नाही. पुढेही नाही. ती रोजच्यासारखी लॅपटॉपची बॅग आणि डबा घेऊन निघायची, आणि ठिपका कधी निगडीला अभ्यासिकेत, कधी देहूला नदीकाठी. मला कळायचं ते कळलं. पण विचारणार कसं? तुम्हाला कसं कळलं, म्हणाली तर?

"काय म्हणतंय ऑफिस?" जेवताना मी विचारायचो.

"चाललंय."

तिचं खोटं मला माहीत होतं. माझं तिला नव्हतं.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी ठिपका पुन्हा देहूत होता. राहवलं नाही. गाडी काढली आणि तळवड्यावरून गेलो. ती घाटाच्या पायरीवर बसून, आईनं भरून दिलेला डबा एकटीच खात होती. मी मागे फिरणार, तेवढ्यात तिनं पाहिलं.

"बाबा? तुम्ही इथं?"

"दर्शनाला आलो. सुट्टी ना."

"मीपण. आज ऑफिस अर्धाच दिवस होतं, म्हटलं जाऊन यावं."

देहूला कुणीही दर्शनाला येतं. दोघांचंही खोटं सहज खपलं असतं. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं, आणि तेच मला सहन झालं नाही. शेजारी बसलो, फोन उघडून तिच्या हातात दिला.

तिनं नकाशा मोठा करून पाहिला; घाटावर तिचाच ठिपका होता.

"कधीपासून?"

"फोन घेतलास तेव्हापासून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि तरी रोज विचारत होतात, ऑफिस काय म्हणतंय."

मी मान हलवली.

"मी का नाही सांगितलं माहितीये? टीव्हीवर ती बातमी लागली की तुम्ही काय म्हणता? कामाच्या माणसाला कुणी काढत नाही. काढलं म्हणजे त्याच्यातच काहीतरी कमी असणार."

म्हणत होतो मी. ते स्वतःला धीर द्यायला म्हणत होतो. माझी मुलगी कामाची आहे, तिला काढणार नाहीत. हे तिला सांगावंसं वाटलं, पण तोंडून फुटलं नाही. फुटलं असतं तरी आता त्याचा उपयोग काय होता?

तिनं लोकेशन बंद केलं. फोन परत देताना म्हणाली, "विचारलंत तर सांगेन. पण विचारायचं."

बातम्या वाचणं काही सुटलेलं नाही. बसमध्ये मात्र गप्प असतो. "काय साहेब, आज कुणाला शिव्या नाहीत?" म्हणून चेष्टा होते. दुपारी कॅन्टीनमध्ये फोन घेऊन बसतो. 'कुठे आहेस?' असं टाइप करतो आणि पुसतो. एवढा साधा प्रश्न, पण तो विचारायचा हक्क मी घालवून बसलोय असं वाटतं. शेवटी 'जेवलीस का?' पाठवतो.

'हो' येतं. कधी लगेच, कधी पार चहाची सुट्टी संपल्यावर. तोवर हातातल्या कामात लक्ष नसतं.