पाठमोरा सावळाराम

रुचिताच्या बापाच्या तोंडावर चहा मी सांडला. कागदावरच्या तोंडावर, हे आधीच सांगतो, नाहीतर मुरबाडात लोक काहीही बोलतील.

पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर हितेश सर कार्टूनची पात्रं काढायला शिकवतात. निवृत्तीनंतर मी घरात पायात पायात येतो म्हणून बायकोनं मला तिथं घातलं. गोल काढला की पात्र मायाळू वाटतं, चौकोन काढला की हट्टी, हा तिथला पहिला धडा. मी स्वतःला गोलात काढलं. सर म्हणाले, "काका, भोपळा छान आलाय."

शेजारी धसईची रुचिता बसते. माझ्या विनोदांना हसत नाही, आणि ते मी घरून तयार करून आणतो. तिचा बाप सावळाराम तिला रोज मोटारसायकलवरून सोडायचा. दिवाळीनंतर एका सकाळी भाताच्या खळ्यावर जरा टेकला, तो उठलाच नाही. कार्य उरकल्यावर ती एसटीनं आली आणि सुट्टी संपल्यासारखी जागेवर बसली.

कल्याणचा एक स्टुडिओ एकाला शिकाऊ म्हणून घेणार होता. त्यासाठी एकच पात्र पुढून, बाजूनं आणि मागून काढून द्यायचं. रुचिताला ती जागा हवी होती. तिनं बाप काढला. पाठ अशी, की गिरणीवाला धाऊ म्हणाला, "हा तं सावळाराम! आता वळून शिवी घालंल." एक खांदा खाली, मानेवर मफलरची गाठ, कान बाहेर. तोंड मात्र घरातल्या हार घातलेल्या फोटोवरून काढलेलं. तो फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला; त्यात माणूस पकडून आणल्यासारखा दिसतो.

नेमका तिथंच माझा कप कलंडला. तिनं पाठीचा कागद तेवढा उचलला. तोंडाचा भिजताना बघत बसली.

"चुकलं गो माझं. ओरड, थेरडा म्हण मला!"

"राहू द्या काका. कागद हाय दुसरा."

दुपारभर ती काढत होती. मी चहाला शिवलो नाही. संध्याकाळी सर कागद गोळा करताना तिच्यापाशी थांबले. पुढून तोच खांदा, तोच मफलर, तेच कान, आणि मधे कोरा गोल.

"रुचिता, तोंडाशिवाय ते घेणार नाहीत."

"माहीत हाय सर. नाय घेतलं तं नाय. तसंच द्या."

सर कागद घेऊन जिना उतरले. तिनं पेन्सिलींना टोक केलं, पिशवी भरली. मी स्टँडपर्यंत तिच्यामागं.

"अगं, दोन डोळे नि एक नाक! माझ्या भोपळ्यालासुद्धा होतं. आपल्या बापाचं तोंड नाही आठवत तुला?"

धसईची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून ती म्हणाली,

"मी मागं बसायची, काका."