गाडीतून उतरलेला अनवाणी पाय

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्यात. ही एक मात्र तशीच राहिली. नवरात्र आलं, घरात साबुदाणा भिजत पडला, की ती न बोलावता समोर येऊन उभी राहते.

मी तेव्हा नागपूरच्या उत्तर टोकाच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. नवरात्रात आमच्या ठाण्याला जेवायची फुरसत नसे. कोराडीच्या देवीला पहाटेपासून माणसांची रीघ, त्यातले अर्धे अनवाणी, मध्येच वीज केंद्राची राख नेणारे ट्रक, हरवलेली पोरं, कापलेले खिसे. अशाच एका सकाळी कंट्रोल रूमचा निरोप आला की एका सायकलवाल्या बाईला गाडीनं उडवलंय. बंदोबस्त माझ्या डोक्यावर होता. मी एका फौजदाराला पाठवलं. त्यानं पंचनामा केला आणि निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवून मोकळा झाला.

बाई शाळेत शिक्षिका होत्या. माहेर उमरेडच्या विणकरांचं, राहायला नागपूरजवळच्या बेसा भागात. सकाळी फिरणाऱ्या सायकलवाल्यांच्या एका गटात त्या होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं आणि उजव्या हाताची बोटं चिरडली होती. गटातल्या लोकांनी पळणाऱ्या पांढऱ्या गाडीचा फोटो काढला होता. नंबर मिळाला, मालक मिळाला. मालक राख वाहतुकीचा कंत्राटदार, बडं प्रस्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदाराचा ड्रायव्हर आपणहून हजर झाला.

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पळून गेलेला माणूस हजर होतो तेव्हा त्याचा शर्ट चुरगळलेला असतो, डोळे तारवटलेले असतात. हा गडी दाढी करून आला होता. हातात पिशवी. झडतीत तिच्यात टॉवेल, साबण आणि ब्रश निघाला. म्हणजे मुक्कामाच्या तयारीनं आला होता. आत यायच्या आधी बाहेरच्या टपरीवर यानं तर्री-पोहे हाणले होते, तेही मी जीपमधून उतरताना पाहिलं होतं. वरून कांदा मागून घेत होता.

"काय झालं गा?" मी विचारलं.

"ढुलकी लागली साहेब. धक्का लागला. घाबरलो, पळालो."

"गाडीतून उतरला होतास?"

"नाई साहेब. उतरलोच नाई."

सगळं पाठ होतं. मी म्हटलं, जामीनपात्र गुन्हा आहे, जामीन दे आणि घरी जा. तर त्याचा चेहरा पडला! लॉकअप मिळालं नाही म्हणून हिरमुसलेला आरोपी मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेर पडून तो घरी गेला नाही. कोपऱ्यावर कंत्राटदाराची दुसरी गाडी उभी होती, तिच्यात जाऊन बसला.

पण संशय एकट्या ड्रायव्हरवर नव्हता. खरं सांगतो, मला बाईंचाही संशय होता. त्यांचं म्हणणं, गाडी मुद्दाम अंगावर घातली, मग चालक उतरला आणि पायानं हात चिरडला. डॉक्टरांचं म्हणणं, बोटं पडतानाही मोडू शकतात. चिडलेला माणूस एकाचे दोन करून सांगतो, हे मी रोज पाहत होतो. त्यात तो सायकलवाल्यांचा गट. रोज सकाळी ठाण्याच्या भिंतीला सायकली टेकवून, हेल्मेट घालून गप्प उभे राहायचे. घोषणा नाही, निवेदन नाही. गप्प उभ्या माणसांचा फार त्रास होतो हो. आमचा एक हवालदार रोज पुटपुटायचा, "एवढ्या महागाच्या सायकली घेऊन राहिले, त्यात मोटरसायकल नसती आली का?"

शेवटी मी स्वतः दवाखान्यात गेलो. सोबत आमच्या महिला हवालदार होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, नऊ दिवसांचे उपवास धरलेल्या. बाईंच्या उशाशी त्यांचा नवरा बसला होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, ते लोक सगळा खर्च द्यायला तयार आहेत. हिला समजवा ना जरा."

बाईंनी ऐकलं. "मले खर्च नको," त्या म्हणाल्या. "मी माझ्या चुकीनं पडली नाही, आणि कोणाच्या झोपेनंही नाही. त्यानं मले मारलं. एवढं फक्त लिहा तुम्ही."

"सुरुवातीपासून सांगा."

"कोराडीच्या रस्त्यानं आम्ही डावीकडून रांगेत चाललो होतो. मी शेवटी. ती गाडी हॉर्न मारत मारत खेटून गेली. पुढे बॅरिकेडपाशी सापडली, तर मी काचेवर ठोठावलं. म्हटलं, माणसं दिसत नाहीत का? काच काळी होती, खाली झालीच नाही. मग आम्ही देवीचा रस्ता सोडून वीज केंद्राच्या बाजूला वळलो. तिकडे गर्दी नसते. बाकीचे पुढे गेले होते, त्यांना नंतर फक्त पळणारी गाडी दिसली. मागून तीच गाडी आली."

"चालकाचा चेहरा पाहिला?"

"नाही. मी पालथी पडली होती. फोन काढून नंबरचा फोटो घेऊन राहिली होती. तेवढ्यात हातावर पाय पडला. दाबला, आणि टाचेनं फिरवला." त्या थांबल्या. "तो पाय पाहिला मी. अनवाणी होता."

मी हसलोच जरा. "मॅडम, त्या दिवशी त्या रस्त्यावर हजारो माणसं अनवाणी होती."

"हो साहेब. पण गाडीतून एकच उतरला होता."

मी ते तसंच लिहून घेतलं. बाहेर आल्यावर महिला हवालदार म्हणाल्या, "सर, खोटं सांगायचं असतं तर चेहरा सांगितला असता. पाय काहून सांगितला असता?" त्या बरोबर बोलत होत्या. शिवाय मला दुसरी गोष्ट खटकत होती. देवीला निघालेली गाडी देवीचा रस्ता सोडून राखेच्या रस्त्याला कशाला वळते? ढुलकी लागलेला माणूस एवढं नीट वळण घेतो होय?

गाडीच्या कागदपत्रांचं निमित्त काढून मी कंत्राटदाराच्या बंगल्यावर गेलो. साहेब, बसा, चहा घ्या, सगळं यथासांग झालं. आतून त्याचा मुलगा आला, पंचविशीतला, कपाळाला कुंकू. अनवाणी. मला फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा अंगणातल्या गिट्टीवरून काट्यावरून चालावं तसा चालत होता. पण एवढ्यावरून कोणाला अटक करता? निम्मं नागपूर तेव्हा अनवाणी होतं. उद्या न्यायाधीश मलाच वेड्यात काढतील.

मग मी एक डाव टाकला. आमच्या ठाण्याच्या भिंतींना कान आहेत हे मला ठाऊक होतं, कान कोणाचे ते ठाऊक नव्हतं. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी उभा राहून मी मोठ्यानं म्हणालो, "बाई म्हणतात चालक अनवाणी होता. हा ड्रायव्हर तर चपला घालून आला होता. गडबड दिसते." आणि जेवायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ड्रायव्हर वकिलासोबत हजर. पुरवणी जबाब द्यायचाय म्हणे. पायात चपला नाहीत. चपलेच्या पट्ट्यांच्या फिकट खुणा मात्र दोन्ही पायांवर तशाच होत्या. माझ्याच माणसांतल्या कोणीतरी निरोप पोचवला होता. त्या क्षणी मला चोरापेक्षा माझ्या ठाण्याचाच जास्त राग आला. त्या माणसाला मी नंतर शोधला, तो विषय वेगळा.

वकिलाला बाहेर बाकावर बसवलं. ड्रायव्हरला समोर घेतलं.

"साहेब, त्या दिवशी मी सांगतलं नव्हतं," तो खाली बघत म्हणाला. "मी उतरलो होतो. अनवाणी होतो. नवरात्राचे उपवास हायेत ना मले. नवस हाय."

"कडक उपवास?"

"हाव साहेब. नऊही दिवस."

माझ्या जिभेवर तर्री-पोहे आले होते. वरचा कांदाही आला होता. आता याला असा आपटतो की बस्स, म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात महिला हवालदार डबा घेऊन आत आल्या. आमचं बोलणं त्यांच्या कानावर अर्धंच पडलं असावं. त्यांनी साबुदाण्याची उसळ, म्हणजे आमच्याकडची खिचडी, डब्याच्या झाकणात काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"घ्या भाऊ. मलेही उपवास आहे. सकाळपासून काही पोटात नसेल तुमच्या."

तो झाकणाकडे बघत राहिला. हात पुढे गेला, मागे आला. मी चिडून म्हणालो, "खा ना गा, बघतो काय?"

त्यानं झाकण दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं.

"नाई खाऊ शकत साहेब. हे देवीच्या नावाचं हाय."

"मग? उपवास आहे ना तुला?"

"मारा मले. जेलात टाका. धडक मी मारली म्हनून सांगतलं, सांगून देईन अजून. पन नवस धरला म्हनून नाई म्हनत. माह्या घरी घट बसते. माय बसवते. काल राती मी अंडा खाल्ला साहेब." आणि तो बाप्या माणूस ढसाढसा रडायला लागला. "माय म्हनते, देवीसंग खोटं नाई खेळाव."

महिला हवालदारांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी खुर्ची मागे घेतली. माझा डाव माझ्याच हातात राहून गेला होता.

मग सगळं सुटत गेलं. घटनेच्या सकाळी हा गडी पारशिवनीकडच्या आपल्या गावी होता, आईच्या घटासाठी सुट्टी घेऊन. दुपारी मालकानं बोलावून घेतलं आणि मुलाचा गुन्हा अंगावर घ्यायला सांगितला. "चार तारखा होतील, सुटशील, तुझ्या घरचं आम्ही बघू." यानं हो म्हटलं. मालकाचा मुलगा धडकेनंतर एका पेट्रोल पंपावर थांबला होता, हे त्याला मुलानंच सांगितलं होतं.

मी जीप काढायला लावली. पंपावरचं जुनं फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि ते दिवस भरत आले होते. आरोपी हजर आहे म्हटल्यावर तोवर कोणी तिकडे फिरकलंच नव्हतं. नशीब, मिळालं. पांढरी गाडी येते, एकटा मुलगा उतरतो, अनवाणी. वाकून बंपर बघतो, फडक्यानं पुसतो, फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकतो. मग तळपाय झटकून गाडीत बसतो. ड्रायव्हरच्या मोबाईलचं लोकेशनही त्या वेळी गावातच निघालं. त्याचा जबाब आम्ही दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला आणि गुन्ह्यात जीवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम वाढवलं.

अष्टमीला मुलाला अटक केली. फुटेज दाखवल्यावर त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. पस्तावल्याचं मात्र काही चिन्ह नव्हतं.

"सर, तिनं सगळ्यांसमोर काच ठोकली. मी देवीला चाललो होतो. सकाळी सकाळी डोकं फिरवलं तिनं."

"मग देवीला गेलास की नाही?"

"गेलो ना. पंपावरून सरळ दर्शनालाच गेलो." आणि वर मलाच म्हणाला, "सर, मी वाईट पोरगा नाही. घट बसल्यापासून पायात चप्पल नाही घातली."

थोड्या वेळानं म्हणाला, उपवास आहे, उपवासाचं काहीतरी मिळेल का? महिला हवालदार दारातच उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तोच डबा आणून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं हात जोडले, डोळे मिटले, आणि सगळी उसळ खाल्ली. झाकणाला चिकटलेले साबुदाणेसुद्धा बोटानं पुसून खाल्ले. अहो, ते मला बघवेना. मी उठून आवारात गेलो. भिंतीशी सायकलवाले त्या दिवशीही उभे होते. पहिल्यांदाच मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, "तुमच्या मॅडम खरं बोलत होत्या." त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "ते आम्हाले माहीत होतं साहेब. तुम्ही म्हणावं म्हणून उभे होतो."

खटला चालला. साक्षीच्या दिवशी बाई काठी टेकत आल्या. दोन बोटं वाकत नव्हती. सायकलचा ब्रेक आता डाव्याच हातानं दाबावा लागतो म्हणाल्या, म्हणजे सायकल सोडली नव्हती! ड्रायव्हरही आला होता, नोकरी गेलेला, गावाकडे शेतात राबणारा. तो बाईंच्या पायाशी वाकायला गेला. "ताई, मले माफ करजा."

बाई मागे सरकल्या. "तुम्ही काहून माफी मागता, भाऊ? तो पाय तर तुमचा नव्हता."

मुलाला शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अपील आहे, ते चालेल तसं चालेल. 'अपघात' हा शब्द मात्र त्या प्रकरणातून कायमचा गेला, आणि बाईंना तेवढंच हवं होतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? आयुष्यभर मी माणूस खोटं कुठे बोलतो ते शोधत राहिलो. तो कुठे खोटं बोलू शकत नाही, हे शोधायचं मला कधी सुचलंच नाही. ते सापडलं तेही माझ्या डावामुळे नाही, एका उपाशी बाईनं आपल्यातलं अर्धं पुढे केलं म्हणून. आता रिटायर झालोय. संशयाची सवय काही जात नाही. कपाळावरचं कुंकू आणि अनवाणी पाय दिसले, की मी हात जोडतो आणि तरी त्या पायांकडे बघत राहतो. घरी उसळ झाली की बायको विचारते, एवढं काय बघता ताटात? मी म्हणतो, काही नाही. एकाच डब्यातली उसळ होती. उपवास न धरलेल्याच्या घशाखाली ती उतरली नाही, आणि उपवास पाळलेल्यानं झाकण पुसून खाल्लं.