मोटारघरातली धुरी

माझ्या स्वयंपाकघरात विजेचा दिवा येण्याआधी तो माझ्या धाकट्या जावेच्या मोटारीत आला, आणि ते मला आजतागायत पचलेलं नाही.

आमचं घर बुधवारा पेठेत. वीज होती, पण पुढच्या खोलीत एकच बल्ब. तिथं सासरे बसायचे, आणि आमचे हे कचेरीतून आणलेले कागद पसरायचे. मागे चुलीपाशी चिमणी. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षं मी चिमणीच्या उजेडात भाकरी भाजत होते. एक तार आत ओढा, असं मी दर दिवाळीला यांच्या कानावर घालायची. हे म्हणायचे, "बघू." पहिल्यांदा बघू म्हणाले त्या दिवशी आंबा लावला असता, तर एव्हाना आम्ही कैऱ्या उतरवल्या असत्या.

नवा मध्यप्रदेश नुकताच झाला होता. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, यांच्या कचेरीत वरून नवे नवे हुकूम यायला लागले, आणि आता आपली बदली कुठल्या टोकाला होणार या काळजीनं यांची झोप उडाली. धाकट्या भाऊजींना मात्र त्यात वेगळंच दिसलं. तापीकाठची आमची केळीची बाग तेच बघायचे. इंदूरकडचा मुलूख कालपर्यंत दुसरं राज्य होतं, आता सगळं एकच झालं. मग दलालाच्या तोंडाकडे कशाला बघायचं? आपणच माल घेऊन माळव्यात जायचं, या बाजारातून त्या बाजारात, महिना महिना.

महायुद्ध संपल्यावर फौजेनं काढून टाकलेल्या सामानाला सगळे डिस्पोजलचा माल म्हणत. भाऊजींनी त्यातला एक ट्रक आणला. गल्लीत तो शिरेना, म्हणून तापीवरच्या राजघाटाजवळ एका चिंचेखाली उभा केला आणि सुताराकडून त्यावर घर बांधून घेतलं. मागच्या भागात केळीचे घड टांगायला आडवे वासे, पुढच्या भागात एक बाज, एक ओटा, भिंतीला फडताळ. मध्ये फळ्यांची भिंत. शिडीचं दार बाजूला. लोक त्याला मोटारघर म्हणू लागले. आणि त्या मोटारघरात भाऊजींबरोबर जाणार होती माझी जाऊ. लग्नाला पुरतं वर्ष नाही झालं, आणि ही बाई इंदूर, उज्जैन बघणार! मी नऊ वर्षांत माहेर सोडून कुठं गेले असेन तर खंडव्याला, तेही सुतकाला.

जावा जावा उभा दावा म्हणतात. पण दावा मांडायला दोन्ही बाजू लागतात. ती बिचारी माझ्याशी कधी भांडली नाही. ताई, ताई करत मागे मागे असायची. माझंच पोट दुखत होतं.

मग आला जनरेटर. तोही डिस्पोजलचाच, स्वस्तातला. शिवणयंत्राएवढं पेट्रोलचं इंजिन आणि त्याला जोडलेला डायनामो. चाकाला दोरी गुंडाळून हिसका द्यायचा. चार हिसके फुकट जायचे, पाचव्याला खोकत खोकत चालू व्हायचं. त्यावर बॅटरी भरायची, आणि बॅटरीवर एक बल्ब आणि एक छोटा पंखा. भाऊजी तो बाजेखालच्या फळीला बोल्टनं कसत होते. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते, ते बघून राहवलं नाही.

"भाऊजी, नुसता लाकडावर कसाल तर हादऱ्यानं फळी फाटेल. खाली टायरचे तुकडे घाला."

माझं माहेर रावेरचं. वडलांची पिठाची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. त्या इंजिनाच्या धडधडीत मी लहानाची मोठी झाले.

"वा भाभी! तुम्ही तं मिस्तरीच निघाल्या," भाऊजी म्हणाले आणि टायर शोधायला उठले. भाभी म्हणायची आमच्याकडची रीतच आहे.

दोन दिवसांनी मोटारघरात दिवा लागला. अर्धा बुधवारा बघायला लोटला. जाऊ बाजेवर पाय सोडून बसली होती, बटण दाबत होती, पुन्हा दाबत होती. ओट्यावर उजेड असा पडला होता की तांदळातला खडा उभ्यानं दिसावा. शेजारणीनं विचारलं, एवढं यंत्र चालू आहे आणि बाज कशी हलत नाही? जाऊ लाजून म्हणाली, "आमच्या यांनी खाली टायरचे तुकडे घातले ना." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भाऊजी तिथंच उभे होते. तेही काही बोलले नाहीत. त्यांना आठवलंच नसेल, पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की यापुढे या गाडीबद्दल माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही.

निघायचं ठरलं त्याच्या दोन दिवस आधी घड भरले. हिरवेगार, कोवळ्या देठांचे. आमच्याकडे केळी पिकवायची तर बंद खोलीत धुरी देतात. मडक्यात गोवऱ्या आणि पालापाचोळा पेटवायचा, धूर आत कोंडायचा, दार लिंपून घ्यायचं. केळीवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला धूर म्हणजे देवाचा प्रसाद. भाऊजींच्या डोक्यात आलं, की जनरेटर धूर फुकटच बाहेर सोडतो. तोच मागच्या भागात सोडला तर बाजार येईपर्यंत घड पिवळे. त्यांनी बाहेर जाणारी लोखंडी नळी काढली, लोहाराकडून वाकवून आणली आणि फळ्यांच्या भिंतीतून घडांकडे वळवली.

"धुरी ते धुरी," भाऊजी खुशीत म्हणाले. "गोवरीची काय अन् पेट्रोलची काय! हिच्यात तं डोळेबी चुरचुरत नाहीत. हाय की नाही, भाभी?"

मी तिथंच होते. हातात रिकामा डबा होता. आणि मला वडलांचा आवाज आठवत होता. गिरणीचं दार उघडल्याशिवाय ते पट्टा चढवू देत नसत. डोळ्यांना झोंबणारा धूर माणसाला पळवून लावतो, म्हणायचे, न झोंबणारा धूर त्याला झोपवतो. एकदा थंडीत दार लावून इंजिन चालवलं, तर आमचा गडी जात्यापाशी आडवा झालेला मी या डोळ्यांनी बघितला होता. त्या फळ्यांच्या भिंतीत बोट जाईल एवढ्या फटी होत्या.

सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. पण माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. टायरच्या तुकड्यांचं काय झालं ते बघितलं होतं. आता मी नळी सांगायची, आणि उद्या ही उज्जैनला सांगणार, आमच्या यांनी नळी बाहेर काढली. मी म्हटलं, "तुमचं तुम्हाला ठाऊक, भाऊजी." नंतर मनाची समजूत घातली, की अजून गाडी निघायला अवकाश आहे, निघताना सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन राजघाटाकडे गेले. वैशाखातली भाजून काढणारी लू सुटली होती, घाटावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भाऊजी बॅटरी भरायला जनरेटर लावून पेट्रोल आणायला शनवाऱ्याकडे गेले होते. मोटारघराचं दार आणि खिडकी बंद होती, आणि आतून जनरेटरची धडधड ऐकू येत होती. मी हाक मारली. उत्तर नाही. झोपली असेल महाराणी पंख्याखाली, असं म्हणाले आणि डबा घेऊन चिंचेखाली बसले. मी उन्हातून चालत आलेली, घामानं निथळणारी, आणि ती आत वारा घेत पडलेली. उठेल तेव्हा उठेल. मी काही तिची मोलकरीण नव्हते.

किती वेळ तशी बसले ते मला सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, पंधरा असतील. एवढं आठवतं, की नळीचा विचार माझ्या मनात त्या वेळी आला होता. आला, आणि मी तो बाजूला सारला. असं काही नसतं, दिवसाढवळ्या काय होतंय.

मग इंजिनानं एक आचका दिला, क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं. त्या थांबण्यात आतून कसलाच आवाज आला नाही, ना बाजेची करकर ना बांगडीची किणकिण. मी शिडी चढले, दार ओढलं. आतून कडी नव्हती हे देवाचे उपकार. ती बाजेवरून अर्धी खाली लोंबत होती, तोंड लालबुंद, डोळे अर्धे उघडे. काखेत हात घालून तिला फरफटत खाली आणलं, तिचं डोकं शिडीच्या पायरीवर आपटलं तेही मला आठवतं. चिंचेखाली आडवी केली, घागर तोंडावर ओतली, गालावर मारलं. एकदा, दोनदा, दहादा. मी तिला शिव्या देत होते. ऊठ गं भवाने, ऊठ. शेवटी तिनं ओकारी काढली, आणि मी रडायलाच लागले.

त्या संध्याकाळी मी बुधवाऱ्याची हिरॉईन झाले. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. हे चारचौघांत म्हणाले, माझी बायको होती म्हणून वाचली पोर. भाऊजी माझ्या पाया पडले आणि स्वतःच्या हातानं ती वाकडी नळी उपटून नदीत फेकली. शेजारणींना मी किती वेळा सांगितलं असेल, कसं दार उघडलं, कसं ओढलं. चिंचेखाली बसले होते ते एकदाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी जाऊ माझ्याकडून वेणी घालून घेत होती. डोकं अजून जड होतं तिचं. घरात आम्ही दोघीच होतो.

ती म्हणाली, "ताई, हे नळी बसवून राहिले होते ना, तवा तुम्ही तिथंच होत्या."

माझे हात थांबले. "हो."

"तुमच्या गिरणीत असंच होत असेल. धुराचं."

मला काहीही सांगता आलं असतं. विसरले, कळलं नाही, लक्ष नव्हतं. माझ्या तोंडून पुन्हा नुसतं "हो" निघालं. मग तिनं पाठीमागे हात करून रिबीन माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जरा घट्ट बांधा."

त्यानंतर ती चाळीस वर्षं माझी जाऊ होती. माळवा फिरली, परत आली, आमच्या वाटण्या झाल्या, मुलांची लग्नं झाली. आमच्यात कमीजास्त बोलणं झालं तेव्हाही तिनं ते तोंडातून काढलं नाही. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, शेवटच्या आजारात मी उशाशी बसले होते तेव्हा मलाही नाही. मी आपली वाट बघत राहिले, की आता बोलेल, आता बोलेल. मी गप्प बसले होते ती दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून, आणि ती गप्प बसली ती माझी अब्रू राहावी म्हणून. दिव्याचा हेवा केला, इंदूर-उज्जैनचा केला, पण तिच्या या गप्प बसण्याचा जेवढा केला तेवढा कशाचाच नाही. ती गेली तरी तो गेलेला नाही.