हळदीखालचा पाय

आत्या कामठीत पॉवरलूमवर काम करायची. बोट चेचलं तरी चिंधी गुंडाळून पाळी पूर्ण करणारी बाई. म्हणून त्या सोमवारी नडगीवरच्या जराशा खरचटण्यानं ती कण्हायला लागली, तेव्हाच घरात कळायला हवं होतं. कुणालाच कळलं नाही. मलाही नाही, आणि मी तर आरोग्याची पत्रकं वाटत वस्त्या पालथ्या घालणारी.

"नखाएवढं लागलं, अन् बाई तू पाय तुटल्यावानी ओरडून राहिली," काका म्हणाले. काका म्हणजे तिचा धाकटा भाऊ. शेजारणीनं हळद-चुन्याचा जाड लेप थापला होता. पाय पिवळाधमक. खाली काय चाललंय ते दिसायची सोयच नाही. मी तिला तापाची गोळी दिली आणि सभेला निघून गेले. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

मंगळवारी सकाळी ती तापानं फणफणली होती, धापा टाकत होती. चादर पायाला लागली तरी किंचाळायची. ऑटोत आडवी घालून नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं.

नर्सनं लेप पुसला. खाली कातडी जांभळी, वर पाण्याचे फोड, भोवती पसरलेली लाली. तिनं बॉलपेननं लालीच्या कडेकडेनं रेघ ओढली, बाजूला वेळ लिहिली. सलाइन लागलं, अँटिबायोटिक सुरू झालं. तासाभरात लाली रेघ ओलांडून बोटभर वर सरकली होती.

डॉक्टर माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "वरची जखम छोटी दिसते, पण आतला थर सडतोय. जखमेच्या मानाने दुखणं फार मोठं असलं की आम्हाला हीच भीती असते. नुसत्या औषधानं थांबणार नाही. मेलेलं सगळं कापून काढायला हवं, आत्ताच. पाय राहील असं वचन देत नाही. थांबलात तर जीव जाईल."

काकांनी संमतीचा कागद घेतला आणि उमरेडला मोठ्या काकांना फोन लावला. लागेना. "दादा संध्याकाळपर्यंत येते. त्याले इचारल्याबिगर सही कशी करू?"

मी भडकले. बाईचा हक्क, पुरुषांची मक्तेदारी, सगळं काढलं. काकाही चढले. वॉर्डातले लोक बघायला लागले.

"काहून वं भांडून राहिली?" स्ट्रेचरवरून आवाज आला. "पाय कोणाचा आहे? कागद मले दे."

ती पूर्ण शुद्धीत होती आणि आमच्यापैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं. बाईच्या देहाचा निर्णय बाईचा, असं लिहिलेलं पत्रक माझ्या पिशवीत होतं. मीच लिहिलेलं!

डॉक्टरांनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. "पाय गेला तं गेला," ती म्हणाली, "मी राह्यली पायजे." आणि वाकडीतिकडी सही केली.

तीनदा ऑपरेशन झालं. मांडीची कातडी काढून नडगीवर लावली. पाय राहिला, पण मागावर उभं राहणं सुटलं. सोमवारीच हलवलं असतं तर कदाचित तेही सुटलं नसतं. हा राग माझा माझ्यावरच आहे.

मोठे काका अजून कुरकुरतात, "मले इचाराले पायजे होतं."

आत्या लंगडत येते, कप त्यांच्यापुढे ठेवते. "तुले नाही इचारलं म्हणून तं माह्या हातचा चहा भेटून राहिला गा."