अंगणातला कावळा

अमेरिकेत, ट्रॉयला आमची चार मराठी कुटुंबं शनिवारी दुपारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमून व्हिडिओ कॅसेट बघायची. त्या शनिवारी पाळी आमची होती. वडे, पेपर प्लेट्स, खुर्च्या, यादीतल्या सगळ्या गोष्टींवर मी खुणा केल्या होत्या.

सिनेमातली आई पाच वर्षांच्या मुलीला पाणी आणायला पाठवते आणि तेवढ्यात एसटीत बसून निघून जाते. मुलगी पेला न सांडता घेऊन येते, तर कोणीच नाही. मावशी जेवायला वाढते, तेव्हा ती ताट भिरकावते आणि रक्त येईपर्यंत दारावर कपाळ आपटत राहते.

"काय हट्टी कार्टी," शेजारच्या काकू म्हणाल्या. "मावशी एवढं गोडीनं करतेय."

"ओव्हरअ‍ॅक्टिंग," त्यांचे यजमान म्हणाले. "वडे पास करा इकडे."

"हट्टी नाहीये ती," माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली. "तिला फसवलंय." ती टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

आमच्या नोकऱ्यांचा जम बसेपर्यंत तिला दोन वर्षं नागपूरला आजी-आजोबांकडे ठेवलं होतं. फ्रॉक, औषधं, लसींचे कागद, सगळ्याची यादी दिली होती. निघताना आजोबांनी तिला अंगणातला कावळा दाखवला आणि आम्ही मागच्या दारानं रिक्षा गाठली. मूल रडू नये म्हणून सगळेच तसं करत. आमच्याकडे परत आल्यावर वर्षभरात तिनं त्या दिवसाचं नावही काढलं नव्हतं. मी धरून चालले होते, विसरली.

आता तिनं हातातला स्टीलचा पेला टीव्हीवर फेकला. तो काचेवरून उडून काकांच्या भुवईवर बसला. रक्त कार्पेटवर गळायला लागलं. मी तिला दोन थोबाडीत दिल्या. तिनं माझ्या मनगटाला असा चावा घेतला की नवऱ्याला तिचा जबडा उघडावा लागला.

काकांना टाके घालायला न्यायला हवं होतं. "हिला वर खेळात रमवतो," नवरा हळूच म्हणाला, "तू गराजमधून नीघ."

किल्ली घेऊन मी दारापर्यंत गेलेही. मग परत फिरले, तिच्यासमोर बसले. "मी काकांना हॉस्पिटलमध्ये नेते आहे."

तिनं माझे केस धरले आणि तोंडावर, मानेवर बुक्के मारत राहिली. मी हात अडवला नाही.

"किती वाजता येणार?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

तिनं आणखी एक बुक्का मारला आणि केस सोडले.